१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या नागरिकत्वाचं काय झालं?

ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, त्यांना नोंदणी करून पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व घेता आलं. तेही अगदी शेवटच्या घटकेला, मार्च १९९७ मध्ये मंजूर झालेल्या 'ब्रिटिश नॅशनॅलिटी (हाँगकाँग) ॲक्ट'मुळे. चीन फक्त चिनी वंशाच्या हाँगकाँगकरांना आपोआप आपले नागरिक मानत होता. सिंधी, पारशी, शीख कुटुंबं त्यात बसत नव्हती. ब्रिटनने आधी देऊ केलेला 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)' पासपोर्ट तर प्रवासापुरताच, ब्रिटनमध्ये राहायचा हक्क त्यात नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हाँगकाँगमध्ये काढून हाती एवढंच! १९९७ च्या कायद्याने मिळणाऱ्या पूर्ण नागरिकत्वाला अट मात्र होती: ४ फेब्रुवारी १९९७ च्या आधीपासून हाँगकाँगमध्ये वास्तव्य हवं, आणि भारताचं नागरिकत्व कायम ठेवलेल्यांना हा मार्ग बंद होता.