‘आम्ही आपले नावापुरते’

“ऑफिसात, सोसायटीत, मित्रांच्या ग्रुपवर धर्मावरून आणि राजकारणावरून टोचून विचारतात. काय उत्तर द्यायचं?” समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांच्या तोंडी हल्ली हा प्रश्न फार असतो. बहुतेकांना उत्तरांची यादी हवी असते. सुरुवातीच्या काळात मी देतही असे. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीने माझी यादी पाठ केली, वाद जिंकला आणि खोलीतली मैत्रीण गमावली. तेव्हापासून यादी बंद केली. त्याऐवजी काय करते, ते या एका अनुभवातून सांगते. ज्याचा अनुभव आहे त्याला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो मूळचा नगर जिल्ह्यातला, पस्तिशीचा, पुण्यात एका कचेरीत नोकरीला. चर्चच्या सभागृहामागे एक छोटी खोली आहे, तिथे मी आठवड्यातून दोन दिवस बसते. आला, आमच्या ख्रिस्ती रिवाजाने ‘सलाम’ म्हणाला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि पिशवीतून शंभर पानी वही काढली. वहीत नऊ प्रश्न लिहिलेले, आकडे घालून. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी चार ओळी कोऱ्या सोडलेल्या.

तांदळाच्या पिशवीवर धर्म बदललात ना? परदेशातून पैसा येतो तो कुठे जातो? चर्चमधून सांगतात त्यालाच मत देता का? देश आधी की धर्म? तुमची संख्या एवढी कशी वाढली? सवलतींसाठी बाटलात ना? असंच पुढे.

“एवढी उत्तरं द्या ताई, म्हणजे झोप लागेल.”

“झोप कधीपासून लागत नाही?”

तीन आठवडे झाले होते. तारीखही त्याला पाठ होती. नाताळच्या आधीचा शुक्रवार. बायकोने पहाटे उठून तळलेल्या करंज्या त्याने कचेरीत नेल्या होत्या, दरवर्षीसारख्या. जेवणाच्या टेबलावर डबा उघडला. टेबलावरचे ज्येष्ठ म्हणजे अण्णा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पावसात याला स्कूटरवरून घरापर्यंत सोडणारे, मुलाच्या आजारपणात न मागता पैसे देणारे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण टोचणारा माणूस दुष्टच असला तर काम सोपं होतं. अण्णांनी करंजी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, “पूर्वी तांदळाची पिशवी मिळाली म्हणून तुम्ही बाटलात. आता करंज्या वाटून आम्हाला बाटवताय की काय?”

टेबल हसलं. समोरचा म्हणाला, “मतदानाच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये चिठ्ठी वाटतात म्हणे. कुणाचं नाव असतं रे?”

आणि हा हसत हसत बोलून गेला, “छे हो, आम्ही आपले नावापुरते.”

डबा बांधला. चार करंज्या घरी परत आल्या. बायकोने विचारलं तर म्हणाला, सगळ्यांची पोटं भरली होती.

मी वही पुन्हा चाळली. नऊ प्रश्न होते, पण हे वाक्य कुठेच नव्हतं. मी त्याला म्हटलं, “इथे सगळं दुसऱ्यांचं बोलणं लिहिलंयस. तू काय बोललास ते नाही.” तो बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “दर रविवारी उपासनेला जातो मी. गायनमंडळात आहे. बाप गेला त्या रात्री प्रार्थनेशिवाय हाताशी दुसरं काही नव्हतं. आणि मी म्हणालो, नावापुरते.” नंतर आपणच पुटपुटला, “पेत्र.”

रविवारची शाळा केलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटीपाशी उभा होता. ‘तूही त्याच्याबरोबरचा ना?’ असं तीनदा विचारलं गेलं आणि तीनदा तो नाही म्हणाला. माझं लक्ष नेहमी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रातल्या, तपशिलाकडे जातं. लोक पेत्राला म्हणतात, तुझ्या बोलीवरूनच कळतं. पेत्र गालीलचा. यरुशलेमकरांच्या कानाला ती बोली गावंढळ. म्हणजे प्रश्न वरवर श्रद्धेचा आणि आत ‘तू कुठला, कुणातला’ हा.

हे सांगितलं आणि तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकला. “तांदळाच्या पिशवीचं तेच आहे,” म्हणाला. “टेबलावर कुणी जात काढत नाही. पण पिशवी म्हटलं की सगळ्यांना कळतं, हे कुणातले.”

इथे सगळं अडलेलं होतं. नगरकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांचे पूर्वज महार-मांग समाजातले. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, पण गावंच्या गावं चर्चकडे वळली ती पुढे, आणि त्यात 1876 ते 78च्या दुष्काळाचा वाटा होता हे कुणी नाकारू नये. (आमच्याकडे तांदूळ सणासुदीला दिसायचा. टोमणा मारायचाच तर बाजरीचा मारा, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही.) मी त्याला एकच काम दिलं. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारून ये, आपण ख्रिस्ती कसे झालो.

दुसऱ्या खेपेला तो आत्याकडे जाऊन आला होता. आत्या ऐंशीच्या पुढची. तिने अजिबात आडपडदा ठेवला नाही. पणज्याचा बाप दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला गेला. भूक होतीच. पण बाप्तिस्मा घेतला तो पुढे किती तरी वर्षांनी, पोरगा शाळेत बसून वाचायला लागल्यावर. आणि त्यानंतर गावकीचं काम सुटलं, हक्काचं बलुतं गेलं. “खायला मिळावं म्हणून गेले असते तर बलुतं सोडलं नसतं,” ही आत्याची टिप्पणी. घरोघरी असंच घडलं असेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या घरची हकिगत आता त्याच्याजवळ होती, आणि तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. भुकेल्या माणसाने ज्याने भाकरी दिली त्याचं ऐकलं, यात लाज कसली?

वहीतल्या काही प्रश्नांची उत्तरं साधी माहितीची होती, ती मी दिली. संख्येचं म्हणाल तर 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 1 टक्क्याहून कमी. देशात 2001 आणि 2011 दोन्ही वेळी 2.3 टक्क्यांच्या आसपास. सवलतींचं तर उलटच आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात. शिखांना 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. पण त्याला बजावलं, हे आकडे खिशात ठेव. जेवणाच्या टेबलावर आकड्यांनी कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही.

सातवा प्रश्न वेगळा होता. ‘असल्या लोकांच्या पंगतीला बसतोसच कशाला?’ हा कचेरीतला नव्हता, चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा होता. आपल्याच माणसांनी अमुक पक्षाला मत देणारा खरा विश्वासी नाही असं लिहिलेलं, आणि तमुक पक्षाच्या सभेला गेलेल्याला सुळावर चढवलेलं. पंडिता रमाबाईंची आठवण होते अशा वेळी. 1893 साली पुण्यात शारदा सदनावरून, म्हणजे त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेवरून, त्यांच्यावर धर्मांतराचे आरोप झाले, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. आणि त्याआधी इंग्लंडात, जिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तिथल्या जोगिणींना (नन्सना) त्या पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या. दोन्हीकडून जाब विचारला गेला तरी बाईंनी आपलं काम सोडलं नाही. एवढं सांगून मी त्याला तो ग्रुप म्यूट करायला लावला. समुपदेशनात कधी कधी इतकं साधं काम असतं.

मग राहिला मताचा प्रश्न. मी पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याला खूण पटली. परूशी म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे आणि हेरोदी म्हणजे हेरोद राजाच्या बाजूचे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, मिळून येशूकडे आले आणि विचारलं, कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की नाही? द्या म्हणाला तर लोक चिडतील, देऊ नका म्हणाला तर रोमचे शिपाई धरतील. येशूने आधी नाणं मागितलं. ‘ही प्रतिमा आणि हा लेख कोणाचा?’ कैसराचा. मग कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या.

“तुझ्या हातातल्या नाण्यावर कोणाचं चित्र आहे?”

त्याने उलटसुलट करून पाहिलं. “अशोकाचे सिंह. खाली सत्यमेव जयते.”

“राजाचं तोंड नाही.”

“नाही.”

आपल्याकडे कैसर गादीवर बसलेला नसतो, दर पाच वर्षांनी आपणच बोटाला शाई लावून घेऊन त्याला नेमतो. म्हणून मताचा विचार चर्चच्या दारात टाकून देता येत नाही, तसाच तो टेबलावर कुणापुढे उघडून दाखवण्याचीही सक्ती नाही. मतदान गुप्त असतं ते याचसाठी. ‘सांगणार नाही’ हे पळपुटं उत्तर नव्हे. मंदिरात याजकांनी ‘कोणत्या अधिकाराने हे करतोस’ विचारलं तेव्हा येशूने उलट विचारलं, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून की माणसांपासून? त्यांनी टाळाटाळ केल्यावर म्हणाला, मग मीही सांगत नाही. हेरोद राजापुढे तर तो एक शब्द बोलला नाही. आणि प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा मात्र गप्प बसला नाही: वाईट बोललो असलो तर दाखव, बरोबर बोललो असलो तर का मारतोस? तोच माणूस, आणि दर ठिकाणी वेगळं वागणं. विचारणाऱ्याला ऐकायचंय, अडकवायचंय की नुसतं हसायचंय, हे पाहून.

उपदेशकांचं आवडतं वचन याच्याही तोंडी होतं: ‘उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा.’ ते वचन पेत्राच्या नावच्या पत्रातलं, शेकोटीपाशी गडबडलेल्या त्याच पेत्राच्या. पण पूर्ण वाचा. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी जो विचारील त्याला, आणि तेही सौम्यतेने. परदेशी पैशाचा हिशेब विचारणाऱ्याला असं तिथे लिहिलेलं नाही. ‘धीट व्हा, ठणकावून सांगा’ अशा उपदेशाने पोरं आणखी खचतात, हे माझं वीस वर्षांचं निरीक्षण.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला वेगळी काढून सांगते. टोमणा आणि छळ यांत फरक करा. बढती अडवली, धमकी दिली, घरापर्यंत आले, तर सौम्य उत्तर पुरत नाही. तारीखवार लिहून ठेवा, साक्षीदार पाहा, लेखी तक्रार करा, वकील गाठा. येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला धर्मप्रसारक पौल, त्याला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, चौकशी न करता रोमी नागरिकाला फटके मारणं कायदेशीर आहे का? पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. श्रद्धा आहे म्हणून हक्क सोडायचा असं त्याला वाटलं नाही. याच्या बाबतीत तसं काही नव्हतं. अण्णा अण्णाच होते.

मग आम्ही सराव केला. मी अण्णा झाले. पहिल्या वेळी त्याने मला दुष्काळापासून 1950पर्यंतचं भाषण ऐकवलं. मी घड्याळ पाहिलं आणि जांभई दिली. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर. तिसऱ्या वेळी तो थांबला आणि म्हणाला, “ताई, मला अण्णांना उत्तर द्यायचंच नाहीये. मला माझं ते वाक्य परत घ्यायचंय.”

पेत्राचंही तसंच झालं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्रकिनारी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, वर मासळी, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिन्ही ‘नाही’ तिथे परत घेतले जातात. ही जोड मी त्याला दाखवायची गरज नव्हती, म्हणून गप्प राहिले.

फेब्रुवारीत तो आला तेव्हा घडलेलं सांगितलं. सगळं मोजून अर्ध्या मिनिटाचं. जेवताना तोच विषय निघाला नव्हता, काहीच निघालं नव्हतं. यानेच म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी मी म्हणालो आम्ही नावापुरते. ते खरं नव्हतं. मी मानतो. आणि आमच्या पणज्याच्या बापाला भुकेच्या वेळी मिशनने काम दिलं, तेही खरं आहे. कधी ऐकावंसं वाटलं तर सांगेन.”

टेबलावर कुणी काही बोललं नाही. अण्णा भाकरी मोडत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “मग त्यात काय एवढं,” आणि ठेच्याची डबी याच्याकडे सरकवली. माफी वगैरे नाही. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा बातमीवरून अण्णांनी पुन्हा एक टोमणा मारला, याने “ते नंतर बोलू” म्हटलं, आणि नंतर कुणीच बोललं नाही. बायकोचं मत अजूनही बदली मागावी असंच आहे. तिचं म्हणणं मी चूक मानत नाही.

“झोप?” मी विचारलं.

“लागते. पण ताई, आज दुसऱ्याच कामाला आलोय,” तो म्हणाला. मुलगा चौथीत, गणिताच्या तासाला पोटात दुखतं म्हणून घरी पळून येतो. वही त्याने बरोबर आणली होती, तीच शंभर पानी. मागच्या पानावर मुलाच्या शाळेचं वेळापत्रक उतरवून.