'हृदयविस्फार' की 'हृदयाची भिंत जाडावणे'?

प्रश्न असा आला आहे: ॲक्रोमेगली, म्हणजे प्रौढपणी वाढ-संप्रेरक जास्त होण्याचा आजार, यावरच्या लेखाच्या भाषांतरात 'वाढ-संप्रेरक जास्त झाल्याने हृदयविस्फार होतो व व्यायामक्षमता घटते' असे वाक्य केले आहे. ते बरोबर आहे का?

'हृदयविस्फार' इथे चुकतो. विस्फारलेले डोळे आठवा: पापण्या जाड होत नाहीत, मधली फट रुंदावते. हृदयविस्फारातही पोकळी रुंदावते आणि भिंत ताणली जाते. ॲक्रोमेगलीत आधी घडते ते वेगळेच. वाढ-संप्रेरक आणि त्याच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक यांमुळे हृदयाच्या स्नायुपेशी जाड होतात, त्यांच्यामध्ये तंतूंचे जाळे वाढते. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत एरवी 6 ते 10 मिलिमीटर असते, ती त्यापलीकडे जाते. पोकळी मात्र बहुधा तेवढीच राहते. याला 'हृत्स्नायूंची अतिवृद्धी' म्हणता येईल. सामान्य वाचकासाठी मी 'हृदयाची भिंत जाडावणे' असेच लिहीन. 'हृदय मोठे होणे' तर टाळाच, कारण जाड आणि फुगलेले ही दोन्ही हृदये त्यात बसतात.

हा फरक कळला नाही तर श्रम केल्यावर धाप का लागते तेही कळत नाही. जाड भिंत ताठ असते, सैल पडायला वेळ घेते. नाडी मिनिटाला 75 असताना एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतो, त्यातला सुमारे 0.5 सेकंद रक्त भरून घेण्याचा. नाडी 150 वर गेली की अख्खा ठोकाच 0.4 सेकंदाचा, आणि कात्री लागते ती मुख्यतः भरण्याच्या वेळेला. त्यामुळे बसल्या जागी काही जाणवत नाही, जिना चढताना जाणवते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंगचा आकडा, म्हणजे एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर जाते तो, तरीही चांगला दिसू शकतो. म्हणून या टप्प्यावर 'हृदय कमकुवत झाले' हेही चूकच.

आणखी एक खड्डा 'प्रसरण' या शब्दाचा. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीला आपण प्रसरण म्हणतो, म्हणून 'प्रसरणातील बिघाड' असे भाषांतर होते. वाचकाला वाटते हृदय फार पसरले. प्रत्यक्षात तक्रार उलटी आहे, ते पुरेसे सैलावत नाही! 'सैल पडण्यातला बिघाड' हे ओबडधोबड वाटेल, पण अर्थ सुटत नाही.

विस्फार येतो, पण उशिरा. सुरुवातीला हृदय उलट जास्त जोमाने धावते, मग भिंत जाडावते आणि वर्षानुवर्षे उपचार झाले नाहीत तर पोकळ्या रुंदावून पंपिंग खालावते.

'व्यायामक्षमता' ऐवजी 'श्रमक्षमता' घ्या. जिना चढणे हा काही व्यायाम नव्हे. शिवाय 'हृदयामुळे श्रमक्षमता घटते' एवढ्यावर थांबू नका: उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, दुखरे सांधे आणि दिसायला भरीव पण ताकदीला कमी असे स्नायू यांचाही त्यात वाटा असतो.

आजाराच्या नावाचे म्हणाल तर 'महाकायता' नको. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या बंद होण्याआधी संप्रेरक वाढले तर उंची वाढते, ती महाकायता. नंतर वाढले तर हात, पाय, जबडा रुंदावतो, ती ॲक्रोमेगली. प्येर मारी यांनी 1886 मध्ये ग्रीक 'आक्रोन' म्हणजे टोक आणि 'मेगास' म्हणजे मोठे (आपल्या 'महा'चा नातलग) यांवरून नाव दिले. 'विशालांगता' या प्रतिशब्दात ते टोक हरवते, तेव्हा ॲक्रोमेगलीच ठेवावे.

वाक्य असे करा: 'वाढ-संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहिले की हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते, श्रमाच्या वेळी हृदयात पुरेसे रक्त भरत नाही आणि श्रमक्षमता घटते.' पुढे 'कायमची' हा शब्द जोडू नका. तरुण वयात आणि लवकर संप्रेरक आटोक्यात आले तर जाडी बरीच उतरू शकते; तंतूंचे जाळे मात्र तितक्या सहज उतरत नाही.