मुठीतून येणारा गंज

प्रश्न: मामांनी जमवलेले 14 पॉकेट नाइफ माझ्याकडे आलेत, सगळे चामड्याच्या गुंडाळीत एकाशेजारी एक. त्यातल्या एकाची मूठ मधासारख्या रंगाची, आरपार दिसणारी. त्याच्या पात्यावर गंज चढतो, मी पुसून तेल लावतो, दोन महिन्यांनी परत तेच. आता शेजारच्या दोन चाकूंवरही तांबूस ठिपके आलेत आणि पितळ हिरवं पडलंय, बाकीचे मात्र ठणठणीत. माझं तेल चुकतंय का?

उत्तर: तेलाचा काही दोष नाही हो. आधी एक काम करा, पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल: तो मधाच्या रंगाचा चाकू गुंडाळीतून काढा आणि बाकीच्यांपासून लांब, जमलं तर दुसऱ्या खोलीत ठेवा. तुम्ही सांगताय त्यावरून ती मूठ सेल्युलॉइडची वाटते आणि ती आतून मोडायला लागलीये.

सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोजवर (झाडाच्या, कापसाच्या धाग्यांतला मूळ पदार्थ) नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेलं सेल्युलोज नायट्रेट आणि त्याला मऊपणा यावा म्हणून घातलेला कापूर. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने 1869-70 च्या सुमारास हे जमवलं, तो हस्तिदंताऐवजी बिलियर्डच्या चेंडूंना काय वापरता येईल ते शोधत होता. मग कंगवे, बाहुल्या, सिनेमाची फिल्म, टेबल टेनिसचे चेंडू, सगळीकडे हेच आलं आणि चाकूवाल्यांना तर फार आवडलं कारण हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, काय वाटेल ते रूप त्याला देता यायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांतल्या चाकूंवर, अमेरिकेतल्या काय आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या काय, या मुठी भरपूर सापडतात.

आता अडचण अशी की उघड्यावर ठेवलेला कापूर जसा हळूहळू उडून जातो तसाच मुठीतलाही जातो, मूठ आकसते, खिळ्यांपाशी तडकते, आणि दुसरीकडे ते नायट्रेट मोडायला लागतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं. तेच तुमच्या पात्यावर गंज चढवतंय आणि पितळ कळकवतंय, आणि वायूच असल्यामुळे तो शेजारच्या चाकूपर्यंत जातो. सगळ्यात वाईट म्हणजे हेच आम्ल मुठीचं मोडणं आणखी वाढवतं, म्हणून सुरुवातीला वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि मग एकदम भराभर सगळं बिघडतं. नीट बघितलंत तर शेजारच्या चाकूंची या मुठीकडची बाजूच जास्त खराब झालेली असेल.

पारदर्शक मुठी आधी जातात, पांढऱ्या, हस्तिदंती दिसणाऱ्या जास्त टिकतात. पांढऱ्यात रंगासाठी बहुतेकदा झिंक ऑक्साइड घातलेलं असतं आणि ते आम्ल मुरवून घेतं. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती ओहायोतल्या कँटन गावच्या चित्रांच्या चाकूंची, पारदर्शक मुठीखाली फोटो बसवलेले असायचे, किती देखणी चीज, आणि नेमकी तीच मूठ सगळ्यात नाजूक!

पात्यावरचा गंज काढा, पुसा, कोरडं करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. चाकू ठेवताना पातं उघडं ठेवा म्हणजे ते दोन मुठींच्या मधे कोंडलेलं राहत नाही (लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा बघा). ती चामड्याची गुंडाळी बाकीच्या चाकूंनाही नकोच, चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात.

प्रश्न: मूठ सेल्युलॉइडचीच आहे हे ओळखायचं कसं? एकाने तापलेली सुई टोचायला सांगितलीये.

उत्तर: नका करू, अजिबात नका करू. सेल्युलॉइड क्षणात पेटतं आणि जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या आतच असतो म्हणून विझवणंही अवघड. याच कारणासाठी कोडॅकने 1951 पर्यंत सेल्युलॉइडची म्हणजे नायट्रेट फिल्म बनवणं बंद केलं. ओळखायला अंगठा पुरतो. मूठ अंगठ्याने जोरात घासा, ऊब आली की लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. व्हिनेगरसारखा आला तर बहुतेक सेल्युलोज ॲसिटेट, ते वेगळं प्लास्टिक पण तेही आम्ल सोडतं. नाकाला झोंबणारा, तिखट वास आला तर मूठ बिघडायला लागलीये असं समजा आणि फार हुंगत बसू नका. हस्तिदंताची नक्कल असेल तर रेघा बघा, नकलेत सरळ समांतर रेघा दिसतात, खऱ्या हस्तिदंतात कापाच्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या.

प्रश्न: ओलावा लागू नये म्हणून मी माझा सेल्युलॉइडचा चाकू हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवलाय. बरोबर ना?

उत्तर: अर्धं बरोबर आहे ताई. कोरडेपणा हवाच, पण हवाबंद डबा नको. निघालेला वायू बाहेर पडला नाही की मुठीभोवतीच साठतो. मी स्वतः असाच एक चाकू प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत ठेवून विसरलो होतो, वर्षभराने उघडला तर मुठीत चौकोनी चौकोनी भेगांची जाळी आणि स्प्रिंग गंजून खाल्लेली, अजूनही वाईट वाटतं. हवा खेळेल अशी जागा द्या, थंड, कोरडी, अंधारी. डबा वापरायचाच तर आत ॲक्टिव्हेटेड चारकोल (वायू शोषून घेणारा कोळसा) ठेवा आणि तो अधूनमधून बदला. खिडकीतलं ऊन आणि शोकेसमधले गरम होणारे दिवे दोन्ही टाळा. फ्रिजमध्ये ठेवून सारखं आतबाहेर करू नका, बाहेर काढलं की पाणी सुटतं.

प्रश्न: मूठ तडकलीये. वरून लॅकर किंवा गोंद लावला तर थांबेल का, की नवी मूठच बसवू?

उत्तर: थांबणार नाही. बिघाड आतून चाललाय, वरून थर दिलात तर वायू आत अडकेल. ॲसिटोन किंवा थिनर तर लांबच ठेवा, सेल्युलॉइड त्यात विरघळतं. बफिंगच्या चाकावर पॉलिश करू नका, घासण्याच्या उष्णतेनेच पेट घेतलेल्या मुठी आहेत. पात्याला खायच्या सोड्याचं पाणी लावून आम्ल मारतात ते ठीक, पण ते मुठीला लागू देऊ नका, अल्कलीनेही ती बिघडते.

मूठ बदलायची का हे तुम्ही ठरवा. मी तरी थोडंसं तडकलेली, कोरडी, वास नसलेली मूठ कधीच काढणार नाही, अस्सल मूठ गेली की चाकूचं अर्धं वैशिष्ट्य गेलं. पण चिकट थेंब सुटायला लागले किंवा भुगा पडायला लागला तर पातं आणि स्प्रिंग वाचवण्यासाठी ती काढावीच लागते, आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. काढलेले तुकडे जाळू नका, ढीग करून साठवूही नका. मूठ काढण्याआधी दोन्ही बाजूंनी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, नक्षी, खिळ्यांची जागा, पात्यावरचा शिक्का, सगळं. बाकीच्या सेल्युलॉइड चाकूंचेही दर सहा महिन्यांनी तसेच फोटो घ्या, डोळ्याला न जाणवणारी भेग जुना फोटो शेजारी ठेवला की लगेच दिसते.