आधी सभासद नोंदवही मागून घे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ज्यांच्यासाठी तू करवीर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दोन महिने पायपीट केलीस, ते निकालानंतर दुसऱ्या पक्षात गेले आणि 'आता मी कोणाची?' असे तू विचारतेस. सभासदत्वाची पावती आपण कधी फाडलीच नाही, हे तूच लिहिले आहेस. तेव्हा तू पक्षात नव्हतीस, गटात होतीस. आपल्या कोल्हापुरात माणसाला आधी गट विचारतात. विधानसभेला एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले लोक साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या निवडणुकीत एकाच पॅनेलमध्ये दिसतात, आणि पक्ष दुबळे झाले म्हणून बिंदू चौकात उभे राहून आपणच हळहळतो.

माझा हट्ट तुला ठाऊक आहे. ज्या पक्षाला सभासद नोंदवही नाही, तो पक्ष मी मानत नाही. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांची दखलच नव्हती; ती घेतली गेली १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीत, तीही पक्षांतरबंदीच्या निमित्ताने. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर आमदारकी वाचण्याची सवलत २००३ मध्ये गेली, दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची राहिली. या कायद्याने आमदाराला पक्षादेशाशी बांधले, पण तो आदेश काढणाऱ्याला कोणी निवडले हे विचारले नाही. म्हणूनच २०२३ मध्ये शिवसेनेचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हे ठरवताना निवडणूक आयोगाने संघटनेतील बहुमताची कसोटी बाजूला ठेवली आणि आमदार-खासदारांचे बहुमत पाहिले. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच झाले. कोणती बाजू खरी, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे सतरंज्या उचलल्या त्यांची मोजदाद निर्णायक ठरली नाही, एवढेच मला बोचते. नोंदवही चोख असती आणि पक्षांतर्गत निवडणुका वेळेवर झाल्या असत्या, तर ती कसोटी इतक्या सहज बाजूला ठेवता आली नसती.

तू म्हणशील, एन. डी. पाटील आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षातच राहिले, तरी तो पक्ष आटलाच. खरे आहे, आणि याचे पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. पण कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात उतारवयात ते रस्त्यावर उतरले, तेव्हा ते उद्या कुठे असतील, हा प्रश्न या शहरात कोणालाही पडला नाही.

आता माझे ऐक. मी तालुका चिटणीस असताना आमच्या नेत्यांनी पक्ष बदलला. नोंदवही माझ्या घरी, ट्रंकेत होती. एका रात्रीत मी त्यातली सगळी नावे नव्या पक्षाच्या वहीत उतरवून काढली. एकालाही विचारले नाही. आठ दिवसांनी एक म्हातारे सभासद दारात आले, चहालाही थांबले नाहीत. "माझं नाव कुणी घातलं?" एवढेच त्यांनी विचारले. गावाची पाणी योजना अडकली होती, सत्तेत गेल्याशिवाय ती सुटली नसती, आणि पुढे सुटलीही. हे मी त्यांना सांगितले, आज तुलाही सांगतो आहे, आणि सांगताना माझाच आवाज मला वकिलासारखा लागतो. पाणी मात्र आले, हे विसरू नकोस.

राजकारण सोडून एखादी संस्था काढावी, असे तू शेवटी लिहिले आहेस. काढ खुशाल, पण रेशनचे धान्य आणि उसाचा दर ठरतो तिथे संस्थेला मत नसते. कोणताही पक्ष निवड, मला त्याचे सोयरसुतक नाही. पावती फाड, बैठकीचे इतिवृत्त वाचून दाखवायला सांग, तालुकाध्यक्ष निवडून आला की नेमला गेला ते विचार. उद्धट म्हणतील, म्हणू देत.

सोमवारी तालुका कार्यालयात जाणार आहेस ना? नोंदवही मागून घे. नाही म्हणाले, तर कोण आणि कोणत्या शब्दांत नाही म्हणाले, ते मला त्याच दिवशी लिहून कळव.

तुझा,
काका