तो सारखा दातावर बोट का आपटतो?

ऑगस्टमध्ये कन्नमवार नगरातली एक आई भेटायला आली. मुलगा पहिलीत.

"मॅडम, हल्ली पाणी हवं असलं तरी हातानेच दाखवतो. वर घटकेघटकेला पुढच्या हिरडीवर बोट आपटतो. दात पडलेत ना तिथेच. वर्गात ऐकू न येणारी एक मुलगी आहे, तिच्याकडून शिकलाय हे. सासूबाई म्हणतात, देवाने चांगलं तोंड दिलंय, मुक्याची सोंगं कशाला? याचं बोलणं मागे पडेल का हो?"

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. नाही पडणार. मुंबईतलं पोर घरी मराठी, बिल्डिंगखाली हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतं, तेव्हा आपण घाबरत नाही. भारतीय सांकेतिक भाषाही तशीच एक भाषा, व्याकरणासकट. त्यात प्रश्न विचारताना भुवयाही बोलतात, आणि 'काय', 'कुठे' बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं हातांनी आणि तोंडाने, दोन्ही भाषा शिकतात. आईला म्हटलं, खुणेने पाणी मागितलं तर द्या, देताना तुम्ही बोला. आणि 'मुकी' हा शब्द घरातून जाऊ दे.

हिरडीचं मात्र मलाही कळेना. सवय लागली असेल म्हणून शाळेत बघायला गेले.

मैदानात डोंगर-पाणी चालू होतं. बाई ओरडायच्या, पोरं उड्या मारायची. ती मुलगी बाकीच्यांकडे बघून उडी मारायची, त्यामुळे दरवेळी उशीर. पण आउट कधीच नाही. "ती कच्चं लिंबू आहे," एकीने मला कौतुकाने सांगितलं. डबा तिला कोणीतरी उघडून देई, पेन्सिलला टोक दुसरंच कोणी करून देई. आणि ती वैतागून बसलेली. चिडवाचिडवी निदान पकडता येते. या असल्या प्रेमाला बाई शाबासकी देतात, म्हणून ते मला जास्त अवघड वाटतं.

बाईंना एवढंच सुचवलं की ओरडू नका, हाताने दाखवा, आणि डोंगर कसा, पाणी कसं ते तिलाच विचारा. तिच्या कानाला मशीन आहे, पण मशीन गोंगाटही मोठा करतं. हाक मारायची तर समोरून हात हलवायचा किंवा खांद्याला हलकेच हात लावायचा. दुसऱ्या दिवशी ती आउट झाली आणि भोकाड पसरलं. बाई घाबरल्या. मला बरं वाटलं. पुढच्या डावात तिच्यावर राज्य आलं आणि तिने अर्धा वर्ग आउट केला.

एक चूक माझीही. मी नेटवरून मुळाक्षरांचा तक्ता छापून वर्गात लावला होता. त्या मुलीची आई बघून म्हणाली, "मॅडम, ही अमेरिकेची, एका हाताची. आपली दोन हातांची असते." गुपचूप काढला. नंतर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश बाईंना दाखवला. 2018 मध्ये 3,000 शब्दांनी सुरू झालेला, 2021 पर्यंत 10,000 वर गेला. व्हिडिओ फुकट बघता येतात.

हिरडीचं कोडंही त्याच माउलीने सोडवलं. कर्णबधिर माणसं आपल्या ओळखीतल्यांना खुणेचं नाव देतात, दिसण्यावरून किंवा सवयीवरून. या मुलाचे पुढचे दोन दात पडलेले. म्हणून त्या मुलीने दिलेलं त्याचं नाव, हिरडीवर दोनदा बोट. पोरगं महिनाभर घरी आपलं नवं नाव सांगत होतं, आणि आम्ही सगळे ते सोडवायच्या मागे.

दिवाळीनंतर त्याची आई पुन्हा आली. दात फुटले होते. "म्हटलं, आता नाव बदलणार का? तर म्हणतो, दात आले म्हणून नाव कसं बदलेल?"

सासूबाईंनाही नाव मिळालंय. शाळेच्या फाटकाशी त्या दिसल्या की ती मुलगी नाकावरचा, नसलेला चष्मा बोटाने वर ढकलते. "माझी नक्कल करते मेली," असं त्या म्हणतात. पण नातवाला आणायला आता रोज त्याच जातात.