‘बाळ किती शांत आहे!’

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अडीच महिन्यांचा आहे. अंगावर नीट ओढत नाही, रडणं क्षीण, उचललं की हातपाय लोंबतात. डॉक्टर जेनेटिक टेस्ट करू म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, ‘बाळ शांत आहे, उगाच सुया कशाला?’ – एक आई

उत्तर : ताई, भुकेलाही न रडणारं बाळ गुणी नसतं, त्याच्या अंगात ताकद नसते. टेस्ट करा.

आधी विचारा, जन्मानंतरच्या तपासणीत स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (स्नायू कमजोर करत नेणारा जनुकीय आजार) पाहिली होती का? तिच्यावर औषध आहे आणि एकेक आठवडा मोलाचा असतो. तो आजार नसेल, तर तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत प्राडर-विली सिंड्रोम या जनुकीय आजाराचा विचार व्हायलाच हवा. साधारण १५ ते २० हजारांत एका बाळाला तो असतो. पोटात हालचाल कमी होती का, बाळ पायाळू होतं का, वृषण खाली उतरलेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

टेस्ट कोणती, हेही विचाराच. वडिलांकडून आलेल्या १५व्या गुणसूत्राचा एक भाग काम करत नसला की हा आजार होतो. बहुतेकदा तो तुकडाच गळालेला असतो आणि गुणसूत्रांतले गळालेले तुकडे शोधणाऱ्या मायक्रोअ‍ॅरे टेस्टमध्ये ते दिसतं. पण काही बाळांत दोन्ही १५वी गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात; तिथे मायक्रोअ‍ॅरे नॉर्मल येऊ शकतो. गुणसूत्राचा तो भाग चालू आहे की बंद, हे पाहणाऱ्या मिथायलेशन टेस्टमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक केसेस सापडतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर घरी येऊ नका.

‘लग्न नात्यात झालंय का?’ असं विचारतील. मामाच्या मुलाशी झालं असेल तर सरळ सांगा. इतर काही आजारांसाठी ते कळणं गरजेचं असतं. प्राडर-विली मात्र बहुतेक घरांत वारशाने आलेला नसतो. ‘कुणाच्या घराण्यातलं?’ हा घरच्यांकडून येणारा प्रश्न तिथेच थांबवा.

निदान लवकर झालं तर ग्रोथ हार्मोन तान्हेपणीच सुरू करता येतं. दोनेक वर्षांनी वजन वाढू लागतं, पुढे न भागणारी भूक लागते. तेव्हा आजीचा ‘अजून एक घास’ आवरावा लागेल. पण ते पुढचं.

रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन ही वाढीत मागे पडणाऱ्या बाळांना मदत करणारी सरकारी सेवा आहे. तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आई-वडील थेट फोन करू शकतात, तपासणी मोफत असते. फोन याच आठवड्यात करा आणि दूध पाजण्याची अडचण सगळ्यात आधी सांगा.