६० टक्के म्हणजे मार्क नाहीत भाऊ!

प्रश्न : डॉक्टर, वय ५२, रावेरकडे केळीची बाग आहे. परवा जळगावला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात ईएफ ६० टक्के आलंय आणि तिथले डॉक्टर म्हणे नॉर्मल. मग राहिलेलं ४० टक्के हार्ट कामातून गेलं का? आणि घड खांद्यावर घेतला की छाती धडधडते, बसलं की शांत, कधी किती रक्त फेकायचं हे त्याला कळतं कसं?

उत्तर : भाऊ, काही गेलेलं नाही. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडतं ते. हा कप्पा भरला की त्यात साधारण १२० मिली रक्त असतं, एका ठोक्यात ७० बाहेर जातं नि ५० आतच राहतं, झाले जवळपास ६० टक्के. १०० कुणाचंच नसतं.

बसल्या जागी मिनिटाला ७० ठोके धरले तर ५ लिटर होतात, अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच. आता घड घेऊन चालायला लागलात की पोटऱ्या आवळतात, शिरांमधलं रक्त वर ढकलतात, हृदयात जास्त रक्त येतं, त्याचा स्नायू ताणला जातो आणि जेवढा ताणला तेवढा जोरात आवळतो, म्हणजे आलं तेवढं पुढे! यात मेंदूला विचारायचं कामच नाही. हे ऑटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९५ ला बेडकाच्या हृदयावर दाखवलं, नंतर १९१४ च्या सुमारास स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या.

ठोक्यांचा वेग मात्र नसांच्या (मज्जातंतूंच्या) हातात. हृदयाची स्वतःची चाल मिनिटाला १०० च्या आसपास असते, व्हेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून तिला ७० वर ठेवते. घड उचलायचा म्हटलं की आधी ब्रेक सुटतो, मग ॲड्रेनालिन हे हार्मोन येतं, त्या शिल्लक ५० मधलंही थोडं बाहेर पडतं. हृदय बदललेल्या पेशंटच्या या नसा कापलेल्या असतात, म्हणून त्यांचे ठोके बसल्या बसल्याही ९०-१०० असतात.

आणि मे महिन्यात आपल्याकडचं ऊन! रक्त कातडीकडे वळतं, घामानं पाणी जातं, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, मग ठोके वाढवूनच भागवावं लागतं. त्यामुळे घड सकाळीच वाहा.

पण एक, ईएफ नॉर्मल असूनही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत ब्लॉक असू शकतो. चालताना छाती आवळली, दम लागला, चक्कर आली तर हा रिपोर्ट दाखवत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.